पड, सोड, ऊठ: खानापूर ते निपाणी, पाच दिवस

मुलींच्या नव्या रग्बी संघाच्या या सराव दौऱ्याचा मार्ग माती बघून ठरला. खानापूरची तांबडी माती पाणी मारलं की मऊ होते, बेळगावच्या मैदानांवर पावसाळ्यानंतर काही दिवस गवत टिकतं, आणि निपाणीकडची काळी जमीन वाळली की भेगाळते. पडायला शिकायचं ते तांबडीत, हात बसवायचा गवतावर, आणि सामना काळीवर, कारण पुढे खेळायचं आहे ते तसल्याच कडक मैदानांवर. उलट क्रमाने गेलं तर पहिल्याच दिवशी एखादं मनगट गळ्यात बांधून घरी पाठवायची वेळ येते.

संघ अगदी नवा. खानापूर, बेळगाव, हुक्केरी आणि निपाणी तालुक्यांतल्या 22 मुली. निम्म्या कबड्डीच्या, सहा खो-खोच्या, तिघी कुस्तीच्या, दोघी नुसत्या पळणाऱ्या. सुरुवात सेव्हन्सने, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीने: मैदानात 7, राखीव 5, सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पंधरा जणींच्या रग्बीत आठ-आठ जणींचा स्क्रम (दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून एकमेकींना रेटायचा घोळका) असतो आणि त्यातल्या पुढच्या तिघींची मान त्यासाठी तयार केलेली लागते. नव्या संघाने त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. सेव्हन्सच्या स्क्रममध्ये तिघीच असतात.

तारखांचं सीमाभागात वेगळंच गणित. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, आगेमागे प्रवास ठेवू नये. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात असेल तो आठवडाही सोडावा, लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा बरा. भाताची कापणी उरकत आलेली असते, पेंढा मुबलक असतो. पेंढ्याचं काम पुढे येईल.

दिवस पहिला: खानापूर

या तालुक्यातल्या मातीची मडकी होतात, विटा होतात, कौलं होतात. खादी ग्रामोद्योगचं कुंभारकाम शिकवणारं केंद्रही खानापुरातच आहे. पण मैदानावर ती जशी असते तशी वापरता येत नाही. वर मुरमाचे बारीक खडे असतात आणि पळत येऊन पडलं की तेच कोपर आणि गुडघा सोलतात.

म्हणून आदल्या दिवशी 40 बाय 25 मीटरचा एकच पट्टा आखून घेतला होता. सगळं मैदान तयार करायच्या भानगडीत पडू नये. हजार चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे 5000 लिटर, एक टँकर. ते संध्याकाळी मारायचं. सकाळी मारलं तर वरचा थर चिखल होतो आणि खालचा दगड तसाच राहतो. रात्रभर मुरलं की दोन बोटं ओल लागते, वर चिकटत नाही. सकाळी सगळ्या मुलींनी खांद्याला खांदा लावून पट्ट्यावर एकदा आडवी, एकदा उभी फेरी मारली आणि खडे वेचले. दोन घमेली भरली. तिसरी फेरी कंटाळ्याची वाटते, पण काचेचे तुकडे सापडतात ते त्याच फेरीत.

शेजारच्या कापलेल्या भातशेतात सराव करायचा मोह होतो, जागा सपाट दिसते. नको. धसकटं वितभर उभी असतात आणि वाळल्यावर खिळ्यासारखी टोचतात.

पहिले दोन तास फक्त पडणं. आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग चालताना, शेवटी हळू पळताना. प्रत्येक टप्प्याला उजवीकडे दहा, डावीकडे दहा. जमिनीला लागायचा क्रम ठरलेला: गुडघ्याची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू. हनुवटी छातीला टेकलेली.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते कबड्डीवाल्या मुलींचं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चढाईला गेलेली मुलगी पकडली गेली की मध्यरेषेकडे हात लांब टाकते. बोटाचं टोक रेषेला लागलं तरी गुण असतो. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली ही सवय. रग्बीत असा लांबवलेला हात अंगाखाली आला की सगळं वजन मनगटावर नाहीतर गळपट्टीच्या हाडावर जातं. तोंडी सांगून ही सवय सुटत नाही. हात अडकवावे लागतात. म्हणून चेंडू छातीशी दोन्ही हातांनी धरून पडायचं, आणि चेंडू सुटला तर ते पडणं मोजायचं नाही. चेंडू दहाच होते, उरलेल्या मुलींना घडी केलेले टॉवेल दिले. तासाभरात लांब जाणारे हात निम्म्यावर आले.

पडल्यानंतरचा अर्धा सेकंद संपूर्ण खेळ ठरवतो. पकडलेल्या खेळाडूने चेंडू ताबडतोब सोडायचा, म्हणजे आपल्या बाजूला ठेवायचा. अंग आडवं, पाठ समोरच्या संघाकडे, दोन्ही हात लांब करून चेंडू आपल्या माणसांकडे. पोटाशी धरून ठेवला की शिट्टी.

दुपारी उन्हात मैदान सोडलं. जेवायला भाकरी, मसूर आमटी, भात. खरचटलेलं साबण-पाण्याने धुवायचं, वर हळद दाबायची नाही. तांबड्या मातीत रक्त लवकर दिसत नाही, म्हणून धुतल्यावर प्रत्येकीचे कोपर-गुडघे पुन्हा बघावे लागतात.

दिवस दुसरा: खानापूर, संध्याकाळी बेळगाव

टॅकलच्या, म्हणजे चेंडूवालीला धरून खाली पाडण्याच्या, सरावाला लागणाऱ्या बॅगा विकत घ्यायच्या तर नव्या संघाचं कंबरडं मोडतं. तांदळाची 50 किलोची दोन गोणपाटं तोंडाला तोंड लावून सुतळीने शिवली, आत भाताचा पेंढा पायाने दाबून भरला, बाहेरून जुनी ताडपत्री. भरल्यावर वजन 15 किलोच्या आसपास राहावं. वाळू घालून जड करायची कल्पना कोणीतरी काढतंच. वाळू तळाला बसते, खालचा भाग दगड होतो आणि खांदा त्यावरच आदळतो. पेंढा दोन दिवसांत दबतो, म्हणून एक तोंड उसवता येईल असं शिवायचं आणि रोज संध्याकाळी दोन पेंढ्या वाढवायच्या.

टॅकल शिकवताना पाय आधी. बहुतेक नव्या मुली लांबून झेप घेतात, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, अंगाला जोर कुठून येणार? शेवटची तीन पावलं लहान हवीत. ज्या खांद्याने धडकायचं त्याच बाजूचा पाय समोरच्या मुलीच्या पायाजवळ पडला पाहिजे. मग खांदा, मग दोन्ही हातांची मिठी, मग पाय चालू ठेवायचे. डोळे तिच्या चड्डीच्या नाडीवर. चेहऱ्याकडे बघितलं की फसलात, हुलकावणी चेहऱ्यानेच देतात.

आणि डोकं. बाजूने येताना डोकं चेंडूवालीच्या मागे जायला हवं, गाल तिच्या कुल्ल्याला चिकटलेला. डोकं पुढून घातलं तर तिचा गुडघा कानशिलावर बसतो. कबड्डीत समोरून मांडी पकडताना डोकं कुठल्याही बाजूला गेलं तरी चालून जातं, कारण चढाईवाली पूर्ण वेगात नसते. इथे ती वेगात असते. टप्पे पडण्यासारखेच: दोघी गुडघ्यावर, मग एक गुडघ्यावर नि एक उभी, मग चालत, मग निम्म्या वेगाने. सामना सोडला तर पूर्ण वेग या पाच दिवसांत फक्त बॅगेवर. खांद्याच्या रेषेच्या वरची पकड हा नियमभंग आहेच. सरावात ती रेष आणखी खाली, बरगड्यांच्या टोकाशी ठेवली तर चुकलेली पकडही गळ्यापर्यंत जात नाही.

खरी झुंज मात्र सोडण्याची. कबड्डीत पकडलं की सोडायचं नाही, पंचांची शिट्टी होईतोवर चार जणी वरून दाबून धरतात. रग्बीत नेमकं उलटं. समोरची खाली आली, तिचा एक गुडघा जरी टेकला, की पकडणारीने ताबडतोब हात मोकळे करायचे, बाजूला व्हायचं, उभं राहायचं, आणि मगच चेंडूला हात लावायचा. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य एकच: "अगं सोड की!" हुक्केरीकडच्या दोघी कन्नड माध्यमातल्या, त्यांच्यासाठी "बिडू!". शेवटी सगळ्यांनी मिळून ताल बसवला. पड, सोड, ऊठ. पकडणारीने स्वतःच मोठ्याने म्हणायचं. म्हणताना दम लागतो, पण कबड्डीच्या मुलींना दमात बोलायची सवय असतेच.

कुस्तीच्या तिघींचं वेगळं. बैठक खाली, पकड लोखंडी, पण पट काढायला त्या थेट दोन्ही गुडघे टेकतात आणि तिथेच थांबतात. त्यांना बॅग आडवी पाडून तिच्यावरून पुढे दोन पावलं टाकायला लावलं. खो-खोच्या मुली चकवण्यात सगळ्यांच्या पुढे. पाठलागात मात्र एकदा धरलेली दिशा सोडत नाहीत, कारण त्यांच्या खेळात ती सोडताच येत नाही. हुलकावणी दिली की त्या सरळ पुढे निघून जातात. त्यांना वळायला लावणं हे तिसऱ्या दिवसाचं काम.

संध्याकाळी बेळगाव, 26 किलोमीटर. जून 2023 पासून कर्नाटकातल्या सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. एका मुलीचं आधार कार्ड घरी राहिलं की सगळा संघ स्टँडवर खोळंबतो, म्हणून कार्डं आदल्या रात्रीच एकीकडे गोळा करावीत. टॅकलच्या बॅगा बसमध्ये घेत नाहीत. त्या टेंपोने.

दिवस तिसरा: बेळगाव

थंडीत इथे पहाटे गवतावर दव असतं. ओल्या चेंडूवर पासचा सराव केला की मुलींना वाटतं आपलेच हात वाईट. साडेआठपर्यंत पाय आणि वळणं, त्यानंतर चेंडू.

चेंडू पाच नंबरचा, 410 ते 460 ग्रॅम, हवा 9.5 ते 10 पीएसआय. सायकलच्या दुकानात भरून आणला की हमखास जास्त भरलेला असतो आणि हातातून उडतो. मापक असलेला साधा पंप आणि तीन सुया जवळ ठेवाव्यात. सुई ओली केल्याशिवाय घातली की आतला व्हॉल्व्ह फाटतो. दहातला एक चेंडू असाच गेला.

पास मागेच द्यायचा, हे सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. अंगात यायला महिने जातात. उजव्या हाताच्या मुलींचा डावीकडे जाणारा पास बरा असतो, उजवीकडे जाणारा उसासारखा वाकडा. म्हणून त्या बाजूला दुप्पट पास: वीसला चाळीस. घेणारीने हात आधीच छातीसमोर पसरलेले ठेवायचे, बोटं वर. चेंडू आल्यावर हात उचलले की तो बोटांवर आपटून पुढे पडतो आणि नॉक-ऑनची शिट्टी होते.

मैदानावरच्या हाकांचा घोळ इथे निस्तरला. कन्नडमध्ये उजवीकडे म्हणजे 'बल'. हुक्केरीची मुलगी जीव तोडून "बल, बल!" ओरडायची आणि खानापूरच्या मुलीला वाटायचं ही जोर लाव म्हणते आहे. ती आणखी जोरात सरळ घुसायची. शेवटी लेफ्ट-राईट. त्यावर कोणाचंच भांडण नव्हतं.

दुपारी साहित्याची तपासणी. चमकी, कानातलं, बांगडी, अंगठी काहीही चालत नाही, वर पट्टी चिकटवून तर नाहीच. नवीन टोचलेलं नाक असेल तर भोक बुजेल म्हणून मुली चमकी काढत नाहीत, त्यामुळे हे घरी आधी कळवावं. वेणी मोकळी ठेवली तर पकडीत सापडते. ती मानेशी गुंडाळून घट्ट बांधायची, डोक्यावर उंच आंबाडा नको, पडताना तो टोचतो. बुटाचे स्टड 21 मिलिमीटरपेक्षा लांब नसावेत आणि बोट फिरवून बघावं, मुरमावर घासून कडा धारदार होतात. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायच्या माउथगार्डला पाकिटावर लिहिलेला वेळच द्यायचा. जास्त वेळ ठेवलं की ते चघळलेल्या च्युइंगमसारखं होतं. तीन जणींचं तसंच झालं.

ड्रॉप किकला (चेंडू टाकून उसळताना मारायची किक) अर्धा तास ठेवला होता. पासमध्येच वेळ गेला, तो राहिला. त्याची किंमत पाचव्या दिवशी दिली.

दिवस चौथा: निपाणी

पाऊणशे किलोमीटर. काकती, यमकनमर्डी, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर, तवंदीचा घाट. साखर कारखाने सुरू असतात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर घाटात चालायच्या गतीने चढतात. दीड तासाचा रस्ता अडीच तासांचा धरून चालावं. नाश्ता निघण्याआधीच: उप्पीट, केळी. जवळ गोकाकचा करदंट. डिंक, सुकामेवा नि गुळाचा एक छोटा तुकडा सरावाआधी तासभर खाल्ला तरी पुरतो. सामन्याच्या तोंडावर खाल्ला तर पोटात गोळा होतो.

काळ्या मैदानावर पाणी मारायचं नाही. मारलं तर चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो. भेगा बुजवायच्या, त्याही त्याच मातीच्या भुकटीने आणि पायाने दाबून. वाळूने बुजवलेल्या भेगेत स्टड रुततो आणि घोटा मुरगळतो. ज्या कोपऱ्यात भेगा बोटभर रुंद होत्या तो भाग सोडून आखणी पाच मीटर सरकवली.

आखणी दोरीने. काटकोन बघायला 30, 40 आणि 50 मीटरचा त्रिकोण, दोरीला आधीच गाठी मारलेल्या. 100 बाय 70 चं मैदान, दोन्ही टोकांना ट्राय करायची, म्हणजे चेंडू जमिनीला टेकवून गुण घ्यायची, दहा-दहा मीटरची जागा. बाजूच्या, गोलच्या, शेवटच्या, 22 मीटरच्या आणि मधल्या सलग रेषा मिळून 730 मीटर होतात. मीटरला शंभर ग्रॅम फक्की धरली तर 73 किलो, म्हणजे 25 किलोच्या तीन गोण्या. तुटक रेषांना वेगळी लागते, तिथे लहान झेंड्यांवर भागवलं. फक्की म्हणून कळीचा चुना मारणं अजून काही ठिकाणी चालतं. या खेळात तोंड जमिनीला घासलं जातं. घामाशी चुना आला की डोळा जातो. रांगोळीची भुकटी महाग नाही.

गोलपोस्ट बांबूचे. दोन खांबांत 5.6 मीटर, आडवा बांबू 3 मीटरवर. खड्डा हात-दीड हात तरी हवा, नाहीतर वाऱ्याने कलतात. खालून डोक्याच्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या गुंडाळून सुतळीने बांधल्या. गाठी आतल्या बाजूला.

संध्याकाळी फक्त चालत सराव आणि लवकर झोप.

दिवस पाचवा: सामना

समोर कागल-कोल्हापूरकडच्या मुली, दोन-तीन वर्षं खेळलेल्या. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेंगळुरू साडेपाचशेच्या पुढे. तरी निवड चाचणी द्यायची ती कर्नाटक राज्याची, कारण रहिवासी दाखला इथला. सरावाला मात्र जवळचं कोल्हापूरच परवडतं. फक्त प्रवासाचं बघावं लागतं. शून्याचं तिकीट आंतरराज्य गाडीला नाही. महाराष्ट्राच्या एसटीतली निम्म्या तिकिटाची सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरती. आणि सीमेवर काही तापलं की गाड्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडेच थांबतात. पाहुण्यांनी खासगी गाडी केली होती ते बरं केलं.

निकाल 22-10, हार. ट्रायचे गुण पाच, त्यानंतर मिळणाऱ्या वरच्या किकचे दोन. पाहुण्यांचे चार ट्राय आणि एक किक, सीमाभागाच्या संघाचे दोन ट्राय, दोन्ही किका हुकलेल्या. सेव्हन्समध्ये ही किक ठेवून मारता येत नाही, चेंडू जमिनीवर टाकून उसळताना मारायची, तीही तीस सेकंदांत. राहिलेला अर्धा तास तो हाच. आणखी एक गोंधळ: सेव्हन्समध्ये ज्यांनी गुण केले तेच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतात. पहिल्या ट्रायनंतर सगळ्या जणी आनंदाने घ्यायच्या जागी जाऊन उभ्या, मारायला कोणीच नाही.

पहिल्या सात मिनिटांत सहा पेनल्टी गेल्या, त्यातल्या चार न सोडल्याच्या. खाली पाडणं उत्तम होत होतं. पाडल्यावर हात तिथेच. दुसऱ्या भागात राखीव मुलींनी बाहेरून प्रत्येक पकडीला "सोड!" ओरडायचं ठरवलं आणि अशी पेनल्टी एकच गेली. दुसरा ट्राय आला तो त्यातूनच. खानापूरच्या मुलीने पकडलं, सोडलं, उठली, चेंडू उचलला आणि खो-खोच्या मुलीकडे दिला. तिने दोघींना आतल्या बाजूला ओढून बाहेरून काढलं.

शेवटच्या तीन मिनिटांत एका टॅकलला डोकं पुढे गेलं. मुलगी उठली, चालली, पण चुकीच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. तिथेच बाहेर. "काय होत नाही सर, खेळते की," हे ती म्हणणारच, आणि डोक्यावर पाणी मारून परत पाठवा म्हणणारा कोणीतरी कडेला असतोच. ऐकायचं नाही. शुद्ध गेली नसली तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. त्या दिवशी खेळ बंद, एकटीला सोडायचं नाही, उलटी, वाढती डोकेदुखी, झापड आली तर थेट दवाखाना. पुन्हा सामना तीन आठवड्यांच्या आत नाही, आणि तोही डॉक्टरांनी बघितल्यावर. घरच्यांसाठी हे सगळं कागदावर लिहून दिलं, मराठीत. मान दुखते म्हणाली असती तर जागचं हलवायचंही नव्हतं, 108 येईपर्यंत.

परतीला टेंपो लागू नये म्हणून बॅगा उसवून रिकाम्या केल्या. गोणपाटं नि ताडपत्री गुंडाळली की बसच्या सीटखाली जाते. पेंढा मैदानाशेजारच्या गोठ्यात नेऊन टाकला. म्हशीने हुंगला, फुस्स केलं आणि तोंड फिरवून घेतलं.